स्वस्त सेल, महाग अंधार



गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एक लहानसा गोंधळ झाला. दिवाणखान्यातील भिंतीवरचे घड्याळ हळूहळू मागे पडत गेले आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. दिवस पावसाळ्याचे, आभाळ भरलेले. सूर्य कोठे आहे हे आकाशाकडे पाहून सांगता येत नव्हते. सौ. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपतात व त्यानंतर पाणीही घेत नाहीत. घड्याळाकडे पाहून त्या निवांत पानावर बसणार, तोच शेजारच्यांच्या दूरदर्शन संचावर सातच्या बातम्या सुरू झाल्या. आमचे घड्याळ तब्बल पंचवीस मिनिटे मागे होते. त्या दिवशी त्यांना विनासंकल्प उपवास घडला.

घड्याळ उतरवून पाहिले. आतील सेलच्या तोंडाशी ओलसर, चिकट द्रव आला होता व पितळी पट्टी हिरवी पडली होती. हा सेल मीच आणला होता. रस्त्याच्या कडेला दहा सेलांचे पाकीट पन्नास रुपयांत मिळाले, म्हणून स्वतःवर खूष होऊन घेतले होते. पाकिटावरचे नाव आज आठवत नाही. खरे तर घेतानाही ते वाचले नव्हते. छत्तीस वर्षे बँकेत लोकांच्या जमाखर्चावर शेरे मारलेल्या माणसाने अशी खरेदी करावी, यावर सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला अधिक लागले. कारण हा धडा मी पूर्वी एकदा शिकलो होतो आणि विसरलो होतो.

तो धडा मला मिळाला जिवतीच्या डोंगरात.

१९८७ सालचा पावसाळा. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगड डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाखेत मी क्षेत्र अधिकारी होतो. आज जिवती हे तालुक्याचे ठिकाण आहे. तेव्हा त्या भागात जायचे म्हणजे घाट चढून जंगलातून वाट काढायची. वर पठारावर कोलाम व गोंड समाजाचे लहान लहान गुडे, तसेच मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे. पलीकडे लगेच आंध्र प्रदेशाची, म्हणजे आताच्या तेलंगणाची हद्द. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दिलेल्या बैलजोड्यांच्या कर्जांची पाहणी करणे, बैल प्रत्यक्ष गोठ्यात आहेत की नाहीत हे पाहणे आणि थकलेल्या हप्त्यांची आठवण देणे, हे माझे काम.

त्या दिवशी दुपारी एका कोलाम शेतकऱ्याच्या घरी पोचलो. बैल होते, धडधाकट होते. हप्ता मात्र एक थकला होता. कुडाच्या भिंतीतील फळीवर माझी नजर गेली. तेथे नामांकित कंपनीचे दोन मोठे सेल कापडात गुंडाळून ठेवलेले होते. मी तरुण होतो, नवीन होतो आणि उपदेश करण्याची हौस होती. "हप्ता थकला असताना इतके महागाचे सेल कशाला घेता? बाजारात याच्या निम्म्या किमतीत मिळतात," असे मी त्यांना ऐकवले. माझ्या पिशवीतील बॅटरीत त्याच सकाळी आठवडी बाजारातून घेतलेले स्वस्त सेल होते, त्याचा दाखलाही दिला. ते हसले. म्हणाले, "साहेब, रानात रात्री जावं लागते." एवढेच.

पाहणी लांबली आणि अंधार पडला. जीप थांबली होती त्या रस्त्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायवाट होती. ते गृहस्थ सोबतीला निघाले. साहेब म्हणून मी पुढे, माझ्या बॅटरीच्या उजेडात; ते मागे, आपली बॅटरी न लावता. पंधरा-वीस मिनिटांत माझा उजेड पिवळा झाला, मग नारिंगी, मग विझत्या निखाऱ्यासारखा. पायाखालचे गवत आणि दगड एकच दिसू लागले. मी बॅटरी तळहातावर दोनदा आपटली. तेवढ्यात मागून त्यांनी आपली बॅटरी लावली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबा साहेब. पाय नका उचलू."

पुढच्या पावलाच्या जागी मण्यार आडवी पडलेली होती. काळे अंग आणि त्यावर पांढरे बारीक पट्टे, त्या स्वच्छ उजेडात मोजता यावेत इतके स्पष्ट. मण्यार रात्री बाहेर पडते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही आणि तिचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करून श्वास थांबवते. त्या काळी त्या डोंगरातून रुग्णालयापर्यंत पोचायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी आजवर मुद्दाम केलेला नाही. ती सावकाश झुडपात गेली. उरलेली वाट ते पुढे चालले आणि मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. जीपपाशी आल्यावर त्यांनी बॅटरीतील सेल काढले, पुन्हा कापडात गुंडाळले व खिशात ठेवले. हप्त्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. पीक निघाल्यावर त्यांनी तो आपण होऊन शाखेत आणून भरला.

ही आठवण घड्याळाच्या निमित्ताने वर आली, आणि वाटले की सेल ही वस्तू आपण जितकी क्षुल्लक समजतो तितकी ती नाही. आज घरात मोजून पाहा. घड्याळे, दूरदर्शनचा रिमोट, पंख्याचा व वातानुकूलकाचा रिमोट, गॅसचा लायटर, नातवंडांची खेळणी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र, वजनकाटा, संगणकाचा माउस. आमच्या घरी ही संख्या एकवीस भरली. या एकवीस ठिकाणी कोणता सेल घालावा, हा प्रश्न आपण सहसा दुकानदारावर सोपवतो. या वेळी तो आपण आपल्या हाती घेऊ.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. 'स्वस्त सेल' आणि 'नावाजलेला सेल' असे दोनच प्रकार आहेत, असे आपण समजतो. वस्तुतः येथे दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळले आहेत. पहिला प्रश्न सेलच्या आतील रसायनाचा आहे आणि दुसरा तो बनवणाऱ्याच्या सचोटीचा.

रसायनाच्या दृष्टीने बाजारातील साधे, एकदाच वापरावयाचे सेल मुख्यतः दोन जातींचे. पहिली जात जस्त-कार्बनची. फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ साली केलेल्या ओल्या सेलची ती कोरडी वंशज. यात जस्ताची लहानशी डबी असते, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडचे काळे मिश्रण. दुसरी जात अल्कलाइनची. तिच्यात जस्त भुकटीच्या रूपात आत असते, डबी पोलादी असते आणि विद्युतवाहक द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो. दोन्हींचा दाब दीड व्होल्टच. म्हणून दोन्ही एकाच यंत्रात बसतात आणि आपल्याला फरक दिसत नाही. पण आतील साठा फार वेगळा आहे. पेन्सिल सेलच्या आकारात जस्त-कार्बन सेलची क्षमता साधारणतः ४०० ते १००० मिलिअँपिअर-तास, तर अल्कलाइनची १८०० ते २८०० असते. शिवाय यंत्र जोरात वीज ओढू लागले की जस्त-कार्बन सेल लवकर दमतो, तर अल्कलाइन तग धरतो.

आता सेल हाती घेऊन त्यावरील बारीक अक्षरे वाचा. 'आर ६' लिहिले असेल तर तो पेन्सिल सेल जस्त-कार्बनचा. 'एलआर ६' असेल तर अल्कलाइनचा. बारीक सेलसाठी 'आर ०३' व 'एलआर ०३', बॅटरीच्या मोठ्या सेलसाठी 'आर २०' व 'एलआर २०'. सुरुवातीच्या त्या एका 'एल' अक्षरात किमतीचा सारा फरक सामावलेला आहे. 'हेवी ड्यूटी' या शब्दांनी मात्र फसू नये. हे शब्द बहुधा जस्त-कार्बन सेलवरच आढळतात. नामांकित कंपन्या दोन्ही जातींचे सेल बनवतात. नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजरीचा एव्हरेडीचा लाल सेल आपल्या दोन पिढ्यांनी वापरला, तो जस्त-कार्बनचाच होता. तेव्हा नाव मोठे म्हणजे सेल अल्कलाइन, असे समीकरण चुकीचे आहे.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत आम्ही कर्जदाराला सांगत असू की वस्तूची किंमत पाहू नका, ती देणाऱ्या सेवेचा दर पाहा. पुढील आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. आपल्या दुकानातील भाव घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत.

समजा, नामांकित कंपनीचा साधा सेल १२ रुपयांस आणि अल्कलाइन सेल ४० रुपयांस मिळतो. रक्तदाबाच्या यंत्राला चार सेल लागतात. त्यातील लहानशी मोटर पट्ट्यात हवा भरते आणि त्या क्षणी बरीच वीज ओढते. साध्या सेलांवर ६० वेळा रक्तदाब मोजता आला असे धरू. खर्च ४८ रुपये, म्हणजे दर मोजणीस ८० पैसे. अल्कलाइनवर ३०० वेळा मोजता आला, तर खर्च १६० रुपये आणि दर मोजणीस सुमारे ५३ पैसे. येथे महाग सेल स्वस्त ठरला.

आता घड्याळ घेऊ. घड्याळ फारच थोडी वीज घेते. साधा १२ रुपयांचा सेल वर्षभर चालला, तर महिन्याला एक रुपया पडला. ४० रुपयांचा अल्कलाइन अडीच वर्षे चालला, तरी महिन्याला एक रुपया तेहेतीस पैसे पडले. शिवाय इतका दीर्घ काळ आत राहिलेला सेल शेवटी पाझरण्याचा धोका निराळाच. येथे साधा सेल सरस ठरला. रिमोटलाही हेच लागू पडते. म्हणजे सर्व यंत्रांत महागडे सेल घालणाराही तोट्यातच असतो.

आणि माझ्या पाकिटातील पाच रुपयांचा अनामिक सेल? तो घड्याळात चार महिने चालला असे धरले, तरी महिन्याला सव्वा रुपया पडला. १२ रुपयांच्या सेलपेक्षा तो महागच. त्यात घड्याळाच्या दुरुस्तीचे पैसे आणि सौ.चा उपवास मी धरलेला नाही.

हा अनामिक सेल पाझरतो का, हेही समजून घेणे उपयुक्त आहे. जस्त-कार्बन सेलमध्ये जस्ताची डबी हे भांडेही असते आणि इंधनही. सेल वीज देतो तसतसे जस्त झिजते, म्हणजे भांडे स्वतःच स्वतःला खात असते. चांगला उत्पादक जस्ताचा थर पुरेसा जाड ठेवतो आणि बाहेरून आवरण व झाकणबंद नीट करतो. जो उत्पादक किमतीसाठी थर पातळ करतो, त्याच्या डबीला लवकर भोक पडते व आतील क्षारयुक्त द्रव यंत्रात उतरतो. सेलची किंमत पाच रुपये, यंत्राची दोन हजार. पण पाच रुपयांचा सेल दोन हजारांच्या यंत्राचा जामीन राहतो. असा जामीनदार घेऊन आलेल्या कर्जदारास मी शाखेच्या दारातूनच परत पाठवले असते.

तेव्हा बाजारात सेल घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आयएसआय चिन्ह. कोरड्या सेलांसाठी भारतीय मानक आहे व त्याचे प्रमाणन आवश्यक ठरवलेले आहे. दुसरी, उत्पादकाचे नाव, पत्ता व कमाल किरकोळ किंमत. ज्याने पत्ता दिला नाही, त्याच्याकडे तक्रार कोठे नेणार? तिसरी, उत्पादनाचा महिना किंवा वापराची अंतिम मुदत. सेल वापरला नाही तरी तो आतल्या आत उतरत असतो आणि उष्णतेत ही घट वेगाने होते. आमच्या चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालील टपरीत दोन उन्हाळे काढलेला नामांकित सेलही अर्धमेला असू शकतो. चौथी, नावाचे अक्षर न् अक्षर वाचावे. प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर बदलून, रंग तेच ठेवून विकलेला माल खेड्यांतील बाजारांत बराच दिसतो.

आपल्यापैकी ज्यांचे सराफीचे दुकान आहे, त्यांना एक गंमत करून पाहता येईल. पेन्सिल सेल काट्यावर ठेवा. अल्कलाइन सेल साधारण २३-२४ ग्रॅम भरतो, जस्त-कार्बनचा १५ ते १९ ग्रॅम. 'अल्कलाइन' म्हणून दिलेला सेल १५ ग्रॅम भरला, तर तो खोट्या नाण्यासारखाच समजावा. घरी दुसरी एक परीक्षा आहे. अल्कलाइन सेल दोन-तीन इंचांवरून फरशीवर उभा सोडा. नवा असेल तर तो धप्पकन बसतो. संपत आलेला असेल तर टुणकन उसळतो. आतील जस्ताची लापशी वापरानंतर कडक होत जाते, म्हणून हा फरक. जस्त-कार्बन सेलला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

वापराबाबतही काही पथ्ये आहेत. नवा सेल आणि जुना सेल, किंवा दोन जातींचे सेल एकाच यंत्रात जोडू नयेत. सबळ सेल दुर्बलावर उलटा दाब आणतो व दुर्बल सेल फुटून पाझरतो. महिनाभर न लागणाऱ्या यंत्रातून सेल काढून ठेवावेत. साधे सेल पुन्हा विजेवर भरण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ते फुटू शकतात. आपल्या लहानपणी संपलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत होती. उष्णतेने आतील क्रिया थोडा वेळ पुन्हा जोर धरते, म्हणून बॅटरी तासभर पेटायची हे खरे. पण झिजलेली डबी त्याच उन्हात लवकर पाझरायची, हेही तितकेच खरे. यंत्रात द्रव उतरलाच तर हातमोजे घालून, कोरड्या कापसाने पुसावा. अल्कलाइनची पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर कापसाला किंचित लिंबाचा रस लावावा, मग कोरडे करावे.

खेळणी आणि रक्तदाबाचे यंत्र यांसाठी, वापर रोजचा असेल तर, पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घेणे सर्वांत किफायतशीर. सुरुवातीला भरणयंत्रासह खर्च जास्त होतो, पण ते शेकडो वेळा भरता येतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो; बहुतेक यंत्रांना तो पुरतो. घड्याळासाठी ते घेऊ नयेत.

एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. नाण्यासारखे चपटे लिथियम सेल आता रिमोटमध्ये, खेळण्यांत, दिव्यांत सर्रास असतात. लहान मुलाने असा सेल गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर भाजते. मुलाला ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालयात न्यावे. 'पडून जाईल' म्हणून वाट पाहू नये. असे सेल कुलपात ठेवावेत आणि ज्या खेळण्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ते खेळणे घरात आणूच नये.

शेवटी, संपलेल्या सेलांचे काय करावे? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. तत्पूर्वीच्या २००१ च्या नियमांचा रोख शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांवर होता. आता घरगुती सेलही त्यात आले आणि वापरलेला माल गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. सेलवर काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते, त्याचा अर्थ हाच. आम्ही घरी बरणीत सेल साठवतो आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात वर्षातून एकदा देतो. मंदिरात किंवा स्थानकात अशी एक बरणी ठेवली, तर सगळ्या वस्तीची सोय होईल. निदान सेल चुलीत, शेकोटीत किंवा विहिरीत तरी टाकू नयेत. जमिनीतील आणि पाण्यातील लहान जीवांना त्याचा ताप होतो, हे आपणा वाचकांना वेगळे सांगावयास नको.

घड्याळात आता बारा रुपयांचा साधा, आयएसआय चिन्हाचा सेल घातला आहे आणि झाकणाच्या आत कागद चिकटवून त्यावर तारीख लिहिली आहे. वर्ष पुरे झाले की चालत असला तरी तो बदलायचा. रक्तदाबाच्या यंत्रात अल्कलाइन घातले. उशाशी असलेल्या बॅटरीतही अल्कलाइनच घातले. तेथे मी दराचा हिशेब केला नाही.

त्या दिवशी मी पाहणी अहवालात त्या शेतकऱ्याच्या नावापुढे 'अनुत्पादक खर्च करण्याची प्रवृत्ती' असा शेरा पेन्सिलीने टिपला होता. रात्री शाखेच्या खोलीवर परतल्यावर, कंदिलाच्या उजेडात, तो मी खोडरबराने पुसला. कागद तेथे थोडा पातळ झाला होता, आणि कोणाच्याही खर्चावर शेरा मारण्यापूर्वी तो माणूस रात्री कोठून चालतो हे विचारायची सवय मला त्यानंतर लागली.